विकायचं राहू दे, आधी विण

प्रिय बाळा,

तुझा परवाचा मेसेज दोनदा वाचला. मफलर अर्धा पडलाय, त्यात टोपी सुरू केलीस, आणि घरी जो येईल तो विचारतोय की ऑर्डरी घेणार का, कितीला जाईल, आणि तेव्हापासून सुया हातात घेतल्या की दडपण येतं. मला हे फार जवळून माहितीये म्हणून लगेच लिहायला बसले.

घरच्यांवर चिडू नकोस. 1877 मध्ये जुनी मिल ही कापडगिरणी सुरू झाली तेव्हापासून आपल्या सोलापुरात धागा म्हणजे भाकरी. माझे वडील यंत्रमागावर चादरी विणायचे, नगावर पगार, आई विड्या वळायची, हजारावर मजुरी, रात्री जेवताना विषय एकच, आज किती झाल्या. मग मी सुया घेऊन बसले तेव्हा आईनं पहिलं काय विचारलं असेल, हेच की कोण घेणार गं हे. आणि मीपण त्या नादाला लागले, ओळखीत लहान मुलांच्या स्वेटरच्या ऑर्डरी घेतल्या, एका हिवाळ्यात 11 स्वेटर केले, रात्री जागून, तारखा गाठत, आणि प्रत्येक वेळी समोरचा माणूस म्हणायचा की बाजारात याच्या निम्म्यात मिळतो. त्यानंतर 3 वर्षं मी सुयांना हात लावला नाही. आवड माझी होती रे, आणि मीच ती पगारावर लावली.

इंग्लंडमध्ये विल्यम ली नावाच्या माणसानं 1589 मध्येच मोजे विणायचं यंत्र काढलंय. म्हणजे हातानं विणून वेगात किंवा किमतीत जिंकायचं हे केव्हाच संपलं, आता जो हातानं विणतो तो त्याला विणावंसं वाटतं म्हणून विणतो, एवढं कारण पुरेसं आहे. घरी पण हेच सांग, सरळ, आवाज न चढवता. आणि मुलगा असून विणतोस असं कुणी म्हटलं तर सोलापूरच्या यंत्रमागवाल्या पूर्व भागात एक चक्कर मारून ये म्हणावं, मागांवर कोण उभं असतं ते बघ.

आता तुझा मफलर. फोटोत काठ आत गुंडाळतोय ना, ती तुझी चूक नाहीये, तू एक ओळ सुलट (टाक्याची गुळगुळीत बाजू पुढे) आणि एक ओळ उलट (गाठीसारखी बाजू पुढे) घेतलीस, त्या विणीत पुढचा आणि मागचा ताण सारखा नसतो म्हणून ती वळतेच, इस्त्रीनं पण कायमची सरळ होत नाही. आणि तुझी लोकर अ‍ॅक्रेलिक आहे, इस्त्री तर ठेवूच नकोस, ते प्लास्टिकच असतं, वीण चपटी होऊन मरते. मफलरला दोन्ही बाजूंनी सुलटच घे, नाहीतर दोन सुलट दोन उलट घे, सपाट राहतो आणि दोन्ही बाजूंनी दिसायला सारखा.

मग आधीचं 40 सेंटीमीटर काय करायचं? उसव. हो, उसवच. मला विणकामातलं सगळ्यात जास्त काय आवडत असेल तर हे. चादरीत उभा ताणा वेगळा, आडवा बाणा वेगळा, तिथं एक डाग पडला की नग बाद, वडिलांच्या पगारातून कापलेलं मी पाहिलंय. सुयांवर मात्र सगळा एकच धागा, फास्यात फासा अडकवलेला, टोक ओढलं की सगळं परत गुंडा होतो आणि तोच धागा पुन्हा कामाला येतो. लहानपणापासून नुकसानीच्या भीतीत वाढलेल्या माणसाला हे कळलं ना की हात एकदम मोकळे होतात.

टोपीत नक्षी अवघड आहे, तिथं दर 10 ओळींनी दाभणात वेगळ्या रंगाचा दोरा ओवून सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून काढून ठेव, चुकलं तर तेवढ्यापर्यंतच उसवायचं.

आणि एप्रिल-मे मध्ये मांडीवर लोकर घेऊन बसू नकोस, 42-43 डिग्रीत कुणाचंही मन उडेल, मग वाटतं आपल्याला आवडच नाही. तेव्हा सूत घे. हातानं विणलेल्या ज्या सगळ्यात जुन्या वस्तू सापडल्यात ना ते सुती मोजे आहेत, इजिप्तमधले, साधारण 11व्या ते 14व्या शतकातले, उन्हाच्याच देशातले. आपल्याकडं तर ओळखीच्या कारखान्यात कोनावर, म्हणजे सुताच्या शंकूसारख्या रिळावर, उरलेलं सूत मिळून जातं, ते बारीक असतं, चार-पाच पदर एकत्र धर आणि 8 नंबरच्या सुया घे, म्हणजे 4 मिलिमीटर. (आपल्याकडच्या जुन्या नंबरात आकडा मोठा तेवढी सुई बारीक, दुकानात गोंधळू नकोस.) आधी वीतभर चौकोन विणून धुवून वाळव, सूत आटतं आणि गडद रंग सुटतो, ते तिथंच कळतं. ते जुने मोजे सुताचे असले तरी सूत लोकरीसारखं ताणून परत आकसत नाही, म्हणून तू टोपी, मोजे नको करूस. भांडी धरायचे चौकोन कर, आईला तव्याजवळ उपयोग होईल. पण हे सुताचेच हां, अ‍ॅक्रेलिकचं तापलेल्या भांड्याला वितळतं आणि हाताला चिकटतं.

दोन कामं एका वेळी चालू असली तर असू देत. एक डोकं लावायचं, एक गच्चीवर संध्याकाळी गप्पा मारत करायचं. मी आता तसंच करते, आणि त्यातली एक शाल गेल्या गड्ड्याच्या जत्रेपासून, म्हणजे सिद्धेश्वराच्या जानेवारीतल्या जत्रेपासून, चालू आहे, कुणी कधी संपणार विचारलं तर सांगते, चालू आहे.

शनिवारी चारनंतर ये, उसवायला दोघं लागतात, एकानं ओढायचं एकानं गुंडाळायचं. लोकरीचं लेबल फेकलं नसशील तर घेऊन ये, लॉट नंबर, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा आकडा, बघू, कमी पडली तर त्याच लॉटची मिळते का ते विचारता येईल.

तुझी,
काकू