मस्टँग जीटी मुंबईत रोज चालवतो. लोअरिंग स्प्रिंगा घ्याव्यात की कॉइलओव्हर, आणि कुठल्या ब्रँडचे?

कॉइलओव्हर, म्हणजे उंची कमी-जास्त करता येणारा, स्प्रिंग आणि शॉकअपचा जुळणारा सेट. तेवढं बजेट नसेल तर गाडी आहे तशी राहू द्या, पण जुन्या शॉकअपवर नुसत्या आखूड लोअरिंग स्प्रिंगा बसवू नका.

माझ्या चुलतभावाने नेमकं तेच केलं. त्याचीही हीच गाडी. गॅरेजवाला म्हणाला, "३० मिलिमीटरच तर खाली जाणार, ओरिजिनल शॉकअप चालतात." मी तेव्हाच विरोध केला होता. गाडी खाली आली की शॉकअपचा दांडा उभ्या गाडीतच आत गेलेला असतो, म्हणजे दबायची जागा तेवढी कमी. वर आखूड स्प्रिंग कडक, तिची उसळी आवरायला जुना शॉकअप पुरत नाही. गाडी देखणी दिसायची, ते मान्य. पण फ्लायओव्हरच्या प्रत्येक जोडावर पुढची बाजू बंप स्टॉपवर, म्हणजे शॉकअप पूर्ण दबल्यावर लागणाऱ्या अडणीवर, आपटायची, आणि वळणातच जोड आला की पुढची पकड सुटून गाडी बाहेर सरकायची. पावसाळा संपेपर्यंत एका शॉकअपमधून तेल गळायला लागलं. भाऊ अजून गणपतीत सगळ्यांसमोर सांगतो, शॉकअप खड्ड्यांनी घालवला. अरे, त्याच खड्ड्यांतून कंपनीच्या उंचीच्या गाड्याही जातातच ना! दबायला किती जागा उरते, हे त्याने गॅरेजवाल्याला विचारलंच नव्हतं. तुम्ही विचारा, मोजून घ्या.

जितकी खाली तितकी पकड, हेही खरं नाही. पुढे स्ट्रट आहेत, म्हणजे शॉकअपच चाकाला वरून धरून ठेवतो. फार खाली घेतलं की रोल सेंटर, म्हणजे वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो, गुरुत्वमध्यापेक्षा जास्त उतरतं आणि वळणावर गाडी कलायचा जोर उलट वाढतो. मी २० मिलिमीटरच्या पुढे जाणार नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशोबाने स्पीड ब्रेकर १० सेंटिमीटर उंच असतो, पण सोसायटीच्या गेटवरचा कोण मोजून बांधतं?

ब्रँड म्हणाल तर केडब्ल्यू किंवा बिल्स्टीन. पुढची उंची खालच्या ब्रॅकेटवरून बदलणारा सेट मिळाला तर तोच घ्या; नुसत्या स्प्रिंगच्या सीटवरून बदलत असेल तर दबायची जागा पुन्हा कमीच होते. मागे स्प्रिंग आणि शॉकअप वेगळे आहेत, तिथला हिशोब निराळा. बसवल्यावर अलाइनमेंट कराच, टो, म्हणजे चाकं वरून पाहिल्यावर आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते, बिघडलेला राहिला तर टायर एका कडेने झिजतात.

आणि हो, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. काम करण्याआधी विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्या.