जुन्या झेनचं ब्रेक पेडल मऊ लागतंय, मास्टर सिलिंडर बदलू का?

लगेच नको. तुम्ही लिहिलंय की 2003 ची झेन आहे, पेडल पहिल्या दाबाला खोल जातं, मऊ लागतं, भराभर दोन-तीनदा मारलं की वर येतं, आणि गॅरेजवाला म्हणतो, "मास्टर गेला भाऊ, बदलूनच टाका." पण मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलचा दाब ब्रेक ऑइलवर टाकणारा पंप, गेल्याची खूण वेगळी असते. गाडी उभी, इंजिन चालू, आणि सिग्नलला थांबल्यासारखा पेडलवर हलका पाय ठेवून राहा. पेडल हळूहळू खाली सरकत गेलं, पण टाकीतलं ब्रेक ऑइल कमी होत नसेल, तर आतले रबरी कप दाब सोडताहेत. मग खुशाल बदला. पेडल जागच्या जागी थांबत असेल तर पैसे राखून ठेवा.

मारल्यावर पेडल वर येतं याची नेहमीची कारणं दोन: ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये हवा, नाहीतर मागच्या ड्रममधले शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे पट्टे) ड्रमपासून लांब राहिलेत. हँडब्रेक दोन-तीन खटके ओढा आणि मग पेडल दाबा. पेडल लगेच वर, कडक लागलं तर शूचं अ‍ॅडजस्टमेंट बघा. जुन्या गाडीत अ‍ॅडजस्टर गंजून अडकलेला असतो. फरक पडला नाही तर हवा धरून चाला.

पण हवा आपोआप शिरत नाही. ऑइलची पातळी उतरतेय का? मागची चाकं काढा, ड्रम काढा आणि शू बाहेर ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरच्या टोकाची रबरी टोपी नखाने किंचित उचला. आत ओलं लागलं की चोर सापडला. रबर नवीन टाकताना शूला ऑइल लागलं असेल तर शूही बदला, पुसून भागत नाही. पुढच्या चाकांकडे जाणारे रबरी होज हातात धरा आणि कुणाला तरी पेडल दाबायला लावा. होज बोटांखाली फुगला तर पेडलचा मऊपणा तिथलाच, कितीही हवा काढा, जाणार नाही. नुकतंच पुढच्या ब्रेकचं काम झालं असेल तर कॅलिपरचा (पुढच्या डिस्कवर पॅड दाबणारा भाग) हवा काढायचा निपल वरच्या बाजूला आहे ना, तेही बघा. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला की निपल खाली येतो आणि हवा वर अडकून बसते.

आपल्याकडे सगळं नागपूरच्या उन्हावर ढकलायची सवय आहे. 2013 च्या मे महिन्यात इथे पारा 47.9 ला गेला होता, तरी तेवढ्याने ब्रेक ऑइल उकळत नाही. डॉट 3 ग्रेडचं ताजं ब्रेक ऑइल किमान 205 अंशांपर्यंत टिकतं, पण ते हवेतलं पाणी शोषतं आणि मग ही मर्यादा 140 पर्यंत खाली येते. म्हणून जुनं ऑइल गावात बरं वाटतं आणि चिखलदऱ्याचा घाट उतरताना, ब्रेक तापले की, पेडल मऊ होतं. ऑइल चहासारखं काळपट दिसत असेल तर नुसती हवा काढू नका, सगळंच बदला. टाकीच्या झाकणावर लिहिलंय त्याच ग्रेडचं, सीलबंद बाटलीतलं घ्या.

हवा काढायला दोघं लागतात. आदल्या दिवशी निपलवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा आणि रिंग पानाच वापरा, फिक्स पान्याने डोकं गोल होतं. मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम नसेल तर मास्टरपासून लांबच्या चाकापासून सुरू करा: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. निपलला पारदर्शक नळी लावा, तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल उघडून बंद करायचा, आणि बंद झाल्याशिवाय पाय उचलायचा नाही. टाकी रिकामी होऊ देऊ नका. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, म्हणजे ते तळापर्यंत जाणार नाही. तळापर्यंत गेलं आणि मास्टरच्या आतल्या, वर्षानुवर्षं न वापरलेल्या गंजक्या भागावरून कप घासले की चांगला मास्टरही खरंच जातो. रंगावर ऑइल सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

हे होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका. आणि काम झाल्यावर इंजिन सुरू करताना पेडल किंचित खाली गेलं तर परत हवा काढत बसू नका, तो बूस्टर आहे, म्हणजे इंजिन चालू असताना पेडलच्या दाबाला जोर देणारा भाग.