वाचकांचे प्रश्न : गावातलं स्मारक – आधी नावं, मग दगड

प्रश्न : आम्ही माजी सैनिक गावात स्मृतिस्तंभ उभारतो आहोत. पहिल्या महायुद्धात गेलेल्यांची नावं जुन्या माणसांच्या तोंडी आहेत, पण कागद कुणाकडेच नाही. ती पक्की कशी करायची? (सातारा जिल्हा)

उत्तर : हे काम पुरं झाल्याशिवाय दगडाला हात लावू नका. सुरुवात घरातल्या पेटीपासून करा. त्या काळच्या पदकाच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. पदक चिंचेने घासून चकचकीत करू नका, कडेची अक्षरं झिजतात. भिंग घेऊन तिरप्या उजेडात वाचा. पलटणीचा आकडा जुना असेल, कारण मराठा पलटणींचे क्रमांक १९२२ मध्ये बदलले. १०३ म्हणजे आजच्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, जंगी पलटण; १०५ म्हणजे दुसरी, काळी पाचवी.

मग राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाची, म्हणजे महायुद्धांत पडलेल्या ब्रिटिश साम्राज्याच्या सैनिकांच्या कबरी आणि नोंदी सांभाळणाऱ्या संस्थेची, नोंदवही इंटरनेटवर बघा, ती फुकट आहे. नुसत्या नावाने शोधलंत तर हाती काही लागणार नाही, कारण इंग्रज कारकुनाने जसं ऐकलं तसं लिहिलं. एकच गाव तीन तऱ्हांनी सापडतं. म्हणून सैनिक क्रमांक, पलटण आणि बापाचं नाव या तिन्हींचा मेळ घाला. आडनाव नसलं तर ते शाळेच्या किंवा महसुलाच्या जुन्या दप्तरावरून जोडा.

इतका खटाटोप कशासाठी, तर १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत या गावी तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ ला तिथली फौज शरण गेली आणि पुढे कैदेत, वाटेत, कित्येक मेले. त्या मोहिमेतल्या मृतांसाठी इराकमधल्या बसऱ्याला जे स्मारक झालं, त्यावर भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली. साध्या भारतीय शिपायांची मात्र नुसती संख्या. हा भेदभाव झाल्याचं आयोगानेच २०२१ च्या अहवालात मान्य केलं आहे. तेव्हा तुमच्या गावच्या शिपायाचं नाव दगडावर पहिल्यांदा उमटणार आहे ते कदाचित तुमच्याच स्तंभावर. ते चुकता कामा नये.

स्वातंत्र्यानंतरच्या जवानांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि त्या-त्या रेजिमेंटचं अभिलेख कार्यालय गाठा : मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला.

प्रश्न : १९७१ च्या लढाईत बेपत्ता झालेला एक जवान आमच्या यादीत आहे. काहीजण म्हणतात, इतकी वर्षं झाली, आता ‘वीरगती’ लिहा. घरच्यांना ते पटत नाही.

उत्तर : घरच्यांचं ऐका. सात वर्षं ठावठिकाणा नसला की कायदा माणूस मेल्याचं गृहीत धरतो, पण ते वारसा-पेन्शनपुरतं. ज्या घराने अजून दिवस घातलेले नाहीत, त्या घरासाठी तो निर्णय समितीने घेऊ नये. लष्कराकडून आलेल्या शेवटच्या पत्रात जो शब्द आहे तोच घ्या : ‘बेपत्ता, डिसेंबर १९७१’. मृत्यूची तारीख घालू नका. नाव वेगळ्या कोपऱ्यात टाकू नका. बाकीच्यांबरोबर, तारखेच्या क्रमानेच येऊ द्या. हुद्द्याप्रमाणे क्रम लावला की सुभेदार वर आणि शिपाई तळाशी जातो, आणि ते बघवत नाही.

प्रश्न : शेजारच्या गावातल्या स्मारकाच्या फरश्या पाच वर्षांत सुटल्या, अक्षरंही दिसेनाशी झाली. आमचं तसं होऊ नये म्हणून काय करावं?

उत्तर : गुळगुळीत ग्रॅनाइट सिमेंटच्या मालावर चिकटवला की असंच होतं. ग्रॅनाइट पाणी शोषत नाही, सिमेंट त्याला धरत नाही; मागे पावसाचं पाणी शिरतं, लोणा फुटतो आणि फरशी फुगून सुटते. नावांच्या पाट्या २० मिलिमीटर जाडीच्या घ्या आणि स्टेनलेस स्टीलच्या पिना किंवा क्लॅम्पवर बसवा. दोन पाट्यांत ३-४ मिलिमीटरची फट ठेवून सिलिकॉन भरा. एकच मोठी पाटी करू नका. लहान पाट्या असल्या की चुकलेली तेवढीच बदलता येते.

आरशासारखं पॉलिश टाळा. त्यात आभाळ दिसतं, नाव दिसत नाही. होन म्हणजे मॅट फिनिश सांगा, आणि पायऱ्यांना फ्लेम फिनिश म्हणजे आगीच्या झोताने खरखरीत केलेला दगड, नाहीतर पावसाळ्यात म्हातारी माणसं घसरतील. पांढरा संगमरवर घाटमाथ्यावर दोन पावसांत शेवाळतो.

अक्षरं २५ मिलिमीटर उंच आणि निदान २ मिलिमीटर खोल हवीत. रंग उडणारच, तेव्हा अक्षर खोलीवरच टिकलं पाहिजे. नखाचं टोक फिरवून बघा, ते कडेला अडलं पाहिजे. पाटीची दर्शनी बाजू पूर्वेला ठेवा : पश्चिमेचा झोडपणारा पाऊस पाठीवर जातो आणि सकाळचं तिरपं ऊन अक्षरांत सावली भरतं. सगळ्यात खालची ओळ गुडघ्याच्या वर आणि वरची हात पोचेल इतकीच. माणसं नावाला हात लावायला येतात.

काळ्या मातीत पाया फसतो, कारण ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. मुरूम किंवा कातळ लागेपर्यंत खणा; १०० मिलिमीटर कोबा घालून त्यावर आरसीसी. ओट्याला बाहेरच्या बाजूने मीटरमागे १ सेंटिमीटर उतार द्या.

कोरण्याआधी पाटीच्या मापाची कागदी प्रत काढा आणि प्रत्येक घराची तिच्यावर सही घ्या. कारागिराचा फाँट बदलला की रफार आणि जोडाक्षरं हमखास तुटतात. प्रत बघताना तीच आधी तपासा.

प्रश्न : परवानगी कुणाची लागते? अनावरणाआधी स्मारक तिरंग्याने झाकावं का?

उत्तर : ग्रामसभेचा ठराव आणि जागेचा कागद आधी हातात ठेवा. रस्त्याच्या हद्दीत बांधू नका. पुतळा करायचा तर जिल्हाधिकारी कार्यालय आणि कला संचालनालयाची मंजुरी लागते, स्तंभ त्यामानाने सोपा. चार सिंहांची राजमुद्रा खासगी स्मारकावर कोरता येत नाही. रेजिमेंटचं चिन्ह रेजिमेंटल केंद्राला लेखी विचारून मगच घ्या.

तिरंग्याने झाकू नका. ध्वजसंहितेनुसार राष्ट्रध्वज पुतळ्यावर किंवा स्मारकावर आवरण म्हणून वापरायचा नाही. पडदा साध्या कापडाचा ठेवा आणि ध्वज बाजूच्या काठीवर फडकू द्या.