टीव्हीवरच्या अपीलला पैसे पाठवू का, आणि पुतण्याचं शूटिंग करू देऊ का?

प्रश्न: ताई नमस्कार. मी गुहागर तालुक्यातली, आमचं एकत्र कुटुंब आहे. माझ्या दिराचा मुलगा ९ वर्षांचा, त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, पाय कडक, चालता येत नाही पण डोकं एकदम तल्लख, तिसरीत आहे. शाळेला तीन पायऱ्या आहेत तिथं भावोजी त्याला रोज उचलून चढवतात. टीव्हीवर दिव्यांग मुलांसाठी मदतीचं आवाहन लागतं ते बघून मला राहवत नाही, गेलं दीड वर्ष शिवणकामातले ५०० रुपये दर महिन्याला पाठवतेय. आता तसल्याच एका संस्थेची माणसं घरी येऊन गेली, म्हणाली याचं शूटिंग करू, ऑपरेशनचा खर्च निघेल. भावोजी हो म्हणतायत, जाऊबाई नको म्हणतात, आणि पोर मला विचारतंय, "काकी, त्या कॅमेरावाल्यानं रडायला सांगितलंन तर?" अशा अपीलमधून मुलांना खरंच काही मिळतं का ते सांगा.

उत्तर: आधी शूटिंगचं बोलते. नको. निदान आत्ता नको, कारण मुलानं विचारलेल्या प्रश्नाला त्या माणसांनी उत्तर दिलेलं नाही, आणि तुमच्या घरात सगळ्यात शहाणा प्रश्न त्यानंच विचारलाय.

आता मदतीचं. पैसे जमतात हे खरंय, ते नाकारून चालणार नाही. ब्रिटनमध्ये बीबीसीचा 'चिल्ड्रन इन नीड' १९८०मध्ये पहिल्यांदा टेलिथॉन म्हणून, म्हणजे देणग्या मागत तासन्‌तास चालणारा टीव्ही कार्यक्रम म्हणून झाला तेव्हाच दहा लाख पौंडांच्या वर जमले, आणि तो अजून दरवर्षी होतो. अमेरिकेत स्नायूंच्या आजाराच्या मुलांसाठी विनोदी नट जेरी लुईस १९६६पासून २०१०पर्यंत दर लेबर डेला तासन्‌तास टीव्हीवर पैसे मागत होते, त्यातून दवाखाने चालले, संशोधन झालं. पण त्याच कार्यक्रमाच्या पोस्टरवर लहानपणी झळकलेली काही मुलं मोठी झाली आणि १९९०च्या सुमाराला त्याच कार्यक्रमाविरुद्ध रस्त्यावर उतरली. लंडनमध्येही १९९२ला आयटीव्ही या वाहिनीच्या टेलिथॉनच्या वेळी शेकडो दिव्यांग माणसं स्टुडिओबाहेर जमली होती, त्यांचं म्हणणं एवढंच की आमची कीव करू नका, आमचा हक्क द्या. तो टेलिथॉन त्यानंतर पुन्हा झाला नाही. आणि २०१४मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या समितीनं मेक्सिकोला स्पष्ट सुनावलं की मुलांच्या उपचाराचं काम टीव्हीवरच्या देणगी मोहिमेवर सोपवता येत नाही, आणि अशी मोहीम दिव्यांगांना दयेची वस्तू करून टाकते.

हे लांबचं वाटेल पण मला ते जवळून माहितीये. माझ्या धाकट्या बहिणीला पोलिओ झाला होता. ती १० वर्षांची असताना एका कार्यक्रमात स्टेजवर बोलावून तिला व्हीलचेअर दिली, फोटो पेपरात आला. आमचं घर डोंगराच्या कुशीत, खाली रस्त्यावर उतरायला जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी, त्या खुर्चीचं चाक पहिल्या पायरीवरच अडलं. पुढे ती खुर्ची पडवीत राहिली, आंब्याच्या दिवसात तिच्यावर पेट्या ठेवायचे. फोटो मात्र वर्गात सगळ्यांनी बघितला होता आणि ती पुढे कितीतरी दिवस शाळेत जायलाच तयार नव्हती. द्यायला आलेली माणसं वाईट नव्हती हो, पण घर कुठे आहे, वाट कशी आहे, हिला काय पाहिजे हे कुणी विचारलंच नाही.

टीव्हीवरच्या अपीलची अडचणही तीच आहे, त्यात एक ऑपरेशन, एक खुर्ची, एक हसणारा चेहरा एवढंच मावतं. सेरेब्रल पाल्सी ऑपरेशननं बरी होत नाही, कडक स्नायू सैल करता येतात पण त्यानंतर महिनोन्‌महिने फिजिओथेरपी लागते, पायाला आधाराचे स्प्लिंट लागतात, आणि पोर वाढतंय म्हटल्यावर ते पुन्हापुन्हा बदलावे लागतात. ऐकू न येणाऱ्या मुलाला कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून कानात ऐकण्याचं मशीन बसवलं की लोक टाळ्या वाजवतात पण नंतर वर्षानुवर्षं स्पीच थेरपी, मॅपिंग म्हणजे मशीन मुलाला जुळवून घेणं, बॅटऱ्या, मशीनची दुरुस्ती हे सगळं आईबापांच्या गळ्यात. आपल्याकडे तर फिजिओला जायचं म्हणजे रत्नागिरी नाहीतर चिपळूण, पोराला कडेवर घेऊन एसटी, एकाची रोजंदारी बुडाली. या खर्चाची कुणी जाहिरात करत नाही कारण त्यात बघण्यासारखं काही नसतं.

म्हणून तुमच्या पुतण्याच्या हक्काचं आधी काय काय मिळवायचं ते बघा, हे कुणाच्या दयेचं नाही. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर पहिलं ते काढा, बाकी बरंचसं त्याच्यावर अवलंबून आहे. मग निरामय हा सरकारी आरोग्य विमा, त्यात सेरेब्रल पाल्सी बसते, वर्षाला १ लाखापर्यंत, आणि थेरपीचाही खर्च त्यात धरतात. एसटीत ७५ टक्के सवलत आहे. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात, ग्रामसभेत उभं राहून विचारा यंदा ते कशावर गेले, लाजू नका. आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत फुकट शिक्षणाचा हक्क आहे, शाळेत जाता येईल अशी सोयही शाळेनंच करायची असते.

तुमचे ५०० रुपये वाया गेले असं मी म्हणणार नाही, त्यातून कुणाला तरी काहीतरी मिळालंही असेल. पण त्या संस्थेला फोन करा आणि विचारा: पैशातला किती भाग मुलांवर जातो, किती जाहिरातीवर, ऑपरेशननंतर दोन वर्षांनी त्या मुलाकडे कोण जातं, हिशोब धर्मादाय आयुक्तांकडे देता का. नीट उत्तर मिळालं तर जरूर चालू ठेवा. टाळाटाळ केली तर बंद करा, अपराधी वाटून घेऊ नका.

शूटिंगवाले परत आले तर भावोजींना सांगा की पोराला समोर बसवून बोला. खर्च हवाय हे मला कळतं, बापाचा जीव आहे, रोज उचलतोय तो. पण पोराला काय दाखवायचंय, काय नाही, नंतर व्हिडिओ काढून टाका म्हटलं तर टाकणार का, हे त्याच्यासमोर ठरलं पाहिजे. सुप्रीम कोर्टानंही जुलै २०२४च्या निकालात हेच म्हटलंय की पडद्यावर दिव्यांग माणसं दाखवताना त्यांना विचारून, त्यांना सोबत घेऊन दाखवा. तो बुद्धिबळ खेळतो किंवा गणितं सोडवतो ते दाखवायला तयार असेल आणि त्यांना फक्त रडणं हवं असेल तर दारातूनच नमस्कार करा.

आणि त्या तीन पायऱ्या. तिन्ही मिळून साधारण ४५ सेंटिमीटर उंची धरली तर एकास बारा उतारानं, म्हणजे उंचीच्या बारापट लांबी धरून, रॅम्प ५ मीटर ४० सेंटिमीटर लांब होतो, जांभा तर आपल्याकडे आहेच. पण वरचा थर गुळगुळीत करू देऊ नका, पावसात शेवाळ धरतं आणि चाक घसरतं, खरबरीतच ठेवा, एका बाजूला धरायला पाइप लावा. ग्रामसभेला जाताना कागदावर एवढं काढून न्या, आणि पुतण्याला बरोबर न्या, मापं त्यालाच सांगू दे.