संध्याकाळचे ९९ अंश म्हणजे ताप का?

प्रश्न : माझ्या यजमानांचे वय ५८ आहे. मागील महिन्यात त्यांना फ्लू झाला होता, तेव्हापासून मी रोज दोनदा थर्मामीटर त्यांच्या जिभेखाली ठेवते. सकाळी सहाला ९७.९, तर सायंकाळी पाचला ९९.१ अंश फॅरनहाइट भरते. कणकण नाही, भूक उत्तम आहे. रोज ताप चढतो असे समजावे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपल्या आकड्यांवरून हा ताप वाटत नाही. निरोगी माणसाचे तापमानही पहाटे सर्वांत कमी असते आणि दुपारनंतर वाढत जाऊन सायंकाळी सर्वाधिक होते. अमेरिकेत १९९२ साली फिलिप मॅकोविएक व सहकाऱ्यांनी १४८ निरोगी प्रौढांच्या तोंडातील तापमानाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सरासरी ९८.६ नव्हे तर ९८.२ अंश निघाली. निरोगी तापमानाची वरची मर्यादा सकाळी सहाला ९८.९ आणि दुपारी चारला ९९.९ अंश आढळली. म्हणजे ९९.१ हाच आकडा पहाटे दिसला असता, तर मी त्याकडे अधिक लक्ष द्यायला सांगितले असते.

हा चढउतार केवळ दिवसभराच्या हालचालीमुळे किंवा जेवणामुळे होतो, असे अनेकांना वाटते. परंतु माणसाला मंद उजेडात चोवीस तास जागे व अंथरुणातच ठेवून ठरावीक अंतराने सारखेच थोडे खाणे दिले, तरीही तो कमी प्रमाणात टिकून राहतो. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या लगेच वर, पेशींचा एक लहानसा पुंजका शरीराचे घड्याळ चालवतो आणि डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावरून ते जुळवून घेतो. तापमान किती राखायचे याची पातळीच त्याच्या इशाऱ्याने दिवसा वर सरकते. रात्री ती खाली येताना हातापायांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आतली उष्णता बाहेर पडते. झोपेआधी तळपाय उबदार लागतात ते त्यामुळेच, आणि रात्रपाळीच्या कामगारांचे हे घड्याळ काही दिवसांत सहसा पूर्ण उलटत नाही तेही याचमुळे.

तथापि आजारातला तापही बहुधा संध्याकाळीच चढतो, हे विसरू नये. सायंकाळी पारा वारंवार १०० च्या वर जाऊ लागला, वजन घटले, रात्री घाम येऊ लागला किंवा खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर क्षयरोगाची तपासणी विनाविलंब करून घ्यावी. तोवर चहा घेतल्यानंतर किंवा फिरून आल्यानंतर अर्धा तास थांबून मोजावे, आणि सायंकाळच्या आकड्याची तुलना आदल्या दिवशीच्या सायंकाळशीच करावी.