गाडी गेली, कर्ज राहिलं, आणि त्या पॉलिसीचं काय?

नाशिकहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय ३६, अंबड एमआयडीसीत नोकरी, हातात पगार ६० हजार, बायको, दोन मुलं. गाडीबाजारातून ८ लाख ७५ हजारांना सेकंडहॅण्ड क्रेटा घेतली, त्यासाठी पर्सनल लोन काढलं, बाहेरच्या राज्याची एनओसी होती, आरसी रीतसर यांच्या नावावर झाली. आठ महिने चालवली आणि मग गुन्हे शाखेने जप्त केली. चासी नंबर घासून दुसऱ्या एका टोटल लॉस, म्हणजे इन्शुरन्सने दुरुस्तीपलीकडची ठरवलेल्या गाडीचा नंबर पंच केलेला निघाला, खरी गाडी दिल्लीतून चोरीला गेलेली, आणि तिथल्या मालकाला इन्शुरन्स कंपनीने क्लेमसुद्धा देऊन टाकलाय. आता एक माणूस म्हणतोय दीड लाख द्या, महिन्याभरात गाडी सोडवून देतो. यांचा प्रश्न एवढाच, की दीड लाखासाठी बायकोच्या दागिन्यांवर गोल्ड लोन काढू की म्युच्युअल फंडातले २ लाख १० हजार मोडू?

दोन्ही नको. त्या माणसाला एक रुपयासुद्धा देऊ नका.

दादा, गाडी तुमची नाही. ऐकायला वाईट वाटेल पण ती कधीच तुमची नव्हती. विकणाऱ्याकडे जो हक्क नाही तो तो तुम्हाला देऊच शकत नाही, १९३० च्या माल विक्री कायद्यापासून हे असंच आहे, आणि आरसीवर तुमचं नाव आलं म्हणून चोरीचा माल तुमचा होत नाही. तो माणूस बहुतेक सुपूर्दनाम्याचं बोलतोय, म्हणजे केस संपेपर्यंत कोर्ट जप्त गाडी सांभाळायला देतं ते. सुप्रीम कोर्टाने २००२ मध्ये सांगितलंय की जप्त गाड्या पोलीस स्टेशनच्या आवारात सडत ठेवू नका, लवकर सोडा, त्याच्या जोरावर हे लोक धंदा करतात. पण कोर्ट गाडी सोडताना हक्क कोणाचा दिसतो ते बघतं, आणि इथे क्लेम दिलेली इन्शुरन्स कंपनी समोर उभी राहणार. समजा तुम्हाला मिळालीच, तरी बॉण्ड लिहून द्यावा लागतो, कोर्ट म्हणेल तेव्हा हजर करावी लागते आणि विकता येत नाही, म्हणजे दीड लाख देऊन तुम्ही दुसऱ्याच्या गाडीचे राखणदार होणार. तुमच्या स्वतःच्या गाडी इन्शुरन्सकडूनही आशा ठेवू नका, पोलिसांनी जप्त केली ही काही चोरी नव्हे.

पैसे मागायचे ते गाडीबाजारवाल्याकडे. तुमची स्वतःची लेखी तक्रार द्या फसवणुकीची, नुसते जबाब देऊन साक्षीदार म्हणून राहू नका, आणि तपासी अंमलदाराला लेखी अर्ज द्या की गाडीबाजारवाल्याचं बँक खातं गोठवा. चोराला शिक्षा झाली आणि अटकेत त्याच्याकडे रोकड सापडली असेल तर त्यातून अजाण खरेदीदाराला पैसे देण्याचा अधिकार कोर्टाला आहे, पण हा निकालानंतरचा मामला, वर्षं जातात. गाडीबाजारवाल्याचं दुकान आहे, धंदा आहे, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येतं, दोन वर्षांच्या आत. तिथली फी १० लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जास्तीत जास्त २०० रुपये आहे, खर्च होतो तो वकिलाचा.

आता रोख रकमेचं. तुम्ही ५ लाख ट्रान्सफर केले आणि ३ लाख ७५ हजार रोख, पावती नाही, आणि वर ५०० च्या स्टॅम्पवरच्या नोटरीत त्याच्या सांगण्यावरून किंमत ५ लाखच लिहिली. म्हणजे कागदावर तुमचं नुकसान ५ लाखांचं आहे! २ लाख किंवा जास्त रोख घ्यायला इन्कम टॅक्स कायद्यात बंदी आहे, दंड घेणाऱ्याला आहे, म्हणून तुम्ही घाबरून रोख रक्कम लपवू नका. पोलीस तक्रारीत पूर्ण ८ लाख ७५ हजार लिहा, कारण तिथे ५ लिहिले की पुढे प्रत्येक कोर्टात तोच आकडा तुमच्या तोंडावर फेकला जाईल. त्याचा जो व्हॉट्सअॅप मेसेज आहे ना, ‘मोजले, बरोबर आहेत’, ती चॅट आजच एक्सपोर्ट करा, फोन फॉरमॅट करू नका, आणि त्या आठवड्यातल्या कॅश विड्रॉवलच्या एन्ट्रीसह स्टेटमेंट काढून ठेवा. हे सगळं नीट केलंत तरी मी तुमच्या हिशोबात या पैशांची जागा शून्य धरणार आहे. आले तर कर्जात जातील.

तुम्ही जे विचारलं नाही ते मला जास्त टोचलं. पत्रात दोन वाक्यं सहज लिहून गेलात. एक, ‘गाडीच नाही म्हणून दोन हप्ते भरले नाहीत’. दोन, ‘पॉलिसीचा हप्ता दिवाळीच्या बोनसमधून जातो, त्याला हात लावायचा नाही’.

पहिलं आधी. ते पर्सनल लोन आहे, त्याचा गाडीशी काहीही संबंध नाही, बँकेला गाडी आहे की चोरीची निघाली याच्याशी देणंघेणं नाही. ७ लाख, १५ टक्के, ५ वर्षं, हप्ता साधारण १६,६५०. आठ भरलेत, अजून ६ लाख ३५ हजारांच्या आसपास बाकी. ९० दिवसांच्या वर थकलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत-बुडीत धरलं जातं, तुम्ही त्याच्या दारात उभे आहात, आणि एकदा सिबिलवर ते बसलं की पुढे घराच्या कर्जाला रडाल. दंड धरून ३५ हजार लागतील, म्युच्युअल फंडातून तेवढेच काढा, याच आठवड्यात भरा, बोनस आला की परत टाका.

आता पॉलिसी. लोन मंजूर ७ लाख आणि हातात आले ६ लाख ४ हजार, मधले ९६ हजार पॉलिसीचा पहिला हप्ता म्हणून कापले, ‘याशिवाय लोन होत नाही’ असं सांगून. हे वाचून मला खरंच राग आला, तुमच्यावर नाही. कर्जाबरोबर पॉलिसीची सक्ती करता येत नाही, आणि इथे तर हप्ताच कर्जातून भरायला लावला, म्हणजे तुम्ही त्या विम्यावर १५ टक्क्यांनी व्याज भरताय. आणि मिळणार काय? दहा वर्षं ९६ हजार भरायचे, ९ लाख ६० हजार होतात, विसाव्या वर्षी १८ लाख. ‘जवळजवळ दुप्पट, गॅरंटीड’ असं तुम्हाला सांगितलं गेलं आणि तुम्ही मुलीच्या शिक्षणाला ते पैसे मोजून ठेवलेत. वर्षाला ४ टक्के पडतात हो. पहिला हप्ता गेलाच असं धरून उरलेल्यांवर हिशोब केला तरी ५ च्या आसपास. तेच ९६ हजार कर्जात टाकलेत तर पहिल्याच वर्षी १४ हजार व्याज वाचतं.

आणि तुम्ही लिहिता ‘विमा आहेच’. ९ लाख ६० हजारांचा आहे. उद्या तुम्हाला काही झालं तर बँकेचे ६ लाख ३५ हजार वजा करा, उरतात सव्वातीन लाख, घरखर्च महिना ३५ हजार लिहिलाय, नऊ महिने चालेल. दहाव्या महिन्यात तुमच्या बायकोने काय करायचं? गाडीचं दुःख मला कळतं पण माझ्या मते तुमच्या घरातला सगळ्यात मोठा खड्डा हा आहे, आणि त्याच्याकडे तुमचं लक्ष नाही कारण त्यावर पॉलिसी असं लिहिलेलं आहे.

म्हणून दुसरा हप्ता भरायचा नाही. पण लगेच सरेंडरही करू नका, म्हणजे मुदतीआधी मोडू नका, आधी तक्रार. विमा कंपनीला आणि बँकेला लेखी द्या की पॉलिसी कर्जासाठी सक्तीने दिली, लोन मंजुरीचं पत्र, पॉलिसीची तारीख आणि कापलेल्या रकमेची एन्ट्री जोडा, पूर्ण ९६ हजार परत मागा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा नाही म्हणाले तर विमा लोकपाल, नाशिकसाठी पुण्याचं ऑफिस, फी नाही, वकील लागत नाही. तिथेही जमलं नाही तर मग सरेंडर. १ ऑक्टोबर २०२४ नंतरच्या पॉलिसींना पहिलं वर्ष पूर्ण झालं आणि त्या वर्षाचा हप्ता भरलेला असला की काहीतरी सरेंडर व्हॅल्यू मिळते, आकडा कंपनीकडून लेखी घ्या. बरेच पैसे जातील, तयारी ठेवा, पण पुढचे ८ लाख ६४ हजार वाचतात.

बोनस १ लाख १० हजार येईल म्हणता. ३५ हजार फंडात परत. १ कोटीचा साधा टर्म प्लॅन, म्हणजे फक्त मृत्यूनंतर घरच्यांना पैसे देणारा विमा, तुमच्या वयाला सिगारेट नसेल तर वर्षाला पंधरा ते वीस हजार, फॉर्ममध्ये बीपीची गोळी लपवू नका. २५-३० हजार चांगल्या वकिलासाठी, पावती देणाऱ्या. उरलेले सेव्हिंगमध्ये राहू द्या. हे ३५ हजार सोडून फंडातले पैसे मोडायचे नाहीत, सध्या तीच तुमची इमर्जन्सीची शिल्लक आहे, फक्त ४ हजारांची नवी एसआयपी थांबवा आणि ते हप्त्याकडे वळवा.

अजून एक, तो दीड लाख मागणारा माणूस ‘इन्शुरन्स कंपनीकडून हीच गाडी लिलावात स्वस्तात घेऊन देतो’ असंही म्हणतोय असं लिहिलंत. घेऊ नका. चासी नंबर खाडाखोड झालेली गाडी, आरटीओची वेगळी कटकट, आणि वर नवीन कर्ज. दोन वर्षं बाईकवर काढा. नंतर कधी जुनी घ्यावीशी वाटली तर एनसीआरबीच्या (केंद्राचा गुन्ह्यांची नोंद ठेवणारा विभाग) सिटिझन पोर्टलवर गाडीचा चोरीचा रेकॉर्ड फुकट बघता येतो, पण तुमच्या केसमध्ये नंबरच दुसऱ्या गाडीचा होता, तो तिथे सापडला नसता, म्हणून पैसे देण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेऊन चासी आणि इंजिन नंबर त्यांच्या सिस्टीमशी जुळवून घ्या, आणि त्या नंबरवर टोटल लॉसचा क्लेम झालाय का ते इन्शुरन्स कंपनीला विचारा.

लोकपालाकडे जाण्याआधी तक्रारीचा मसुदा मला पाठवा, मी बघून देतो.