प्लायवूडची छोटी होडी तारेने शिवून इपॉक्सीने (रेझिन आणि हार्डनर हे दोन भाग मिसळून सुकणाऱ्या गोंदाने) जोडतोय. ती पिळवटू नये आणि सांधे सुटू नयेत म्हणून काय करावं?

आधी पिळाचं बघा, कारण इपॉक्सी सुकल्यावर तो निघत नाही. 6 मिमी मरीन प्लायच्या काठापासून 10 मिमी आत 2 मिमीची भोकं पाडा. सरळ भागात साधारण 15 सेंमीवर, नाळेजवळच्या, म्हणजे पुढच्या टोकाजवळच्या, वळणावर 8 सेंमीवर. तांब्याची तार आधी सैलच ठेवा. मग होडीच्या दोन्ही टोकांजवळ काठांवर एकेक सरळ पट्टी आडवी ठेवा आणि मागून एक डोळा मिटून बघा. पट्ट्या समांतर दिसल्या तरच तारा आवळा.

सांधे बहुतेकदा कोरडे राहिल्याने सुटतात. घट्ट मिश्रण थेट भरलं तर प्लायचा काठ त्यातलं रेझिन पिऊन टाकतो. म्हणून आधी नुसतं इपॉक्सी ब्रशने लावा आणि ते चिकट असतानाच लाकडाची भुकटी घातलेलं मिश्रण भरा, उभ्या पट्टीवरून ओघळणार नाही इतकं घट्ट. गोल टोकाच्या पट्टीने कोपऱ्याला गोलाई द्या. वर 75 मिमीची फायबरग्लास टेप.

हार्डनर वाढवला की लवकर सुकतं, हा समज पॉलिएस्टर रेझिनवरून आलाय. इपॉक्सीचं प्रमाण चुकलं की ते मऊच राहतं. सुकलेल्या थरावर मेणचट पापुद्रा आला असेल तर आधी पाण्याने घासून धुवा, मगच पॉलिश पेपर मारा. उलट केलंत तर तो मेणचटपणा ओरखड्यांत भरतो आणि पुढचा थर धरत नाही.